बांधालगतच्या चार ओळी

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
अक्षय तृतीया

चि. भाऊस,

परवा फोनवर तू म्हणालास, "आक्का, जन्मभर कापूस वेचला, अजून हौस फिटली नाही का?" तू सहज बोललास, पण माझ्या मनातून ते जाईना. उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. हे पत्र मी छापायलाही देणार आहे. कापूस पिकवणारे तुझ्यासारखे आणि निवृत्त होऊन बसलेल्या माझ्यासारख्या, दोघांनीही ते वाचावं असं वाटतं. तुझ्याकडे एक मागणं आहे, ते शेवटी लिहिते. आधी सगळं ऐकून घे.

आज घागर भरली, आई-बाबांना आमरसाचा नैवेद्य दाखवला. निरांजनात वात लावली ती तू दिवाळीला पोत्यात घालून दिलेल्या कापसाची. लावताना आईचे हात आठवले. वेचणीच्या दिवसांत सगळ्यात पांढरी, टपोरी बोंडं ती वेगळी काढायची आणि गाडग्यात दडवून ठेवायची. दिवेलागणीनंतर पाट पुढ्यात घ्यायचा, चिमूटभर कापूस त्यावर ठेवायचा आणि वरून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवायची. सरकी टपकन पुढे निसटायची, रुई मागे राहायची. मग बोटांना थोडी राख लावून ती रुई ओढत ओढत लांब करायची, पीळ द्यायची. फुलवाती, श्रावणातली वस्त्रं, कार्तिकातल्या लाख वाती. तुला तेव्हा त्या सरकीशी खेळायचं असायचं.

भाऊ, आई कातत होती. आपण त्याला कातणं म्हटलं नाही एवढंच. वातीचा पीळ आणि सुताचा पीळ एकच. वात वीतभर लांबीला थांबते आणि सूत थांबत नाही.

हे मला कळायला पासष्टी उलटावी लागली. दोन वर्षांपूर्वी आम्ही निवृत्त शिक्षक मिळून सेवाग्रामला गेलो होतो. तिथे एक बाई पेटी चरख्यावर कातत होती. मी टक लावून बघत होते म्हणून ती बाजूला सरकली आणि मला बसवलं. माझ्या हातून हातभर धागा निघाला आणि तुटला. पण त्या हातभर धाग्यानं मला आपलं माजघर दिसलं. आठवतं? भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचे, पार आढ्यापर्यंत. थंडीत आपण त्या ढिगावर झोपायचो. अंगाला खाज सुटायची, पण ऊब अशी की सकाळी उठवत नसे. मग एक दिवस गाड्या भरायच्या. बाबा खरेदी केंद्रावर दोन-दोन रात्री गाडीखाली झोपून काढायचे आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचे. घरात कापूस मावत नव्हता आणि आईच्या अंगावरचं लुगडं मात्र दुकानातून उधारीवर आणलेलं. आपल्या कापसाचं पुढे काय होतं, हे आपल्या घरात कुणी कधी पाहिलं नाही. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, "मराठवाड्यातलं नगदी पीक कोणतं?" पण त्या नगदी पिकाचा एक वार दोरासुद्धा मला काढता येत नव्हता.

तिथून आल्यावर मी आधी पितळेची टकळी मिळवली आणि औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली. आठ दिवस खटपट केली. धागा बनायचाच नाही, भसकन निसटून जायचा. माझ्या वयाला आता हे जमणार नाही, असं वाटून मी टकळी उचलून ठेवली होती. नंतर कारण समजलं. औषधी कापसानं पाणी शोषावं म्हणून तो धुऊन, उकळून त्यातलं मेण काढून टाकलेलं असतं. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा एक बारीक थर असतो. त्याच्यामुळे तंतू एकमेकांवरून नीट सरकतात आणि मग पिळात धरले जातात. ते मेणच गेलं की काय कातणार? तू दिलेला कापूस पोत्यात होता. त्यातला मूठभर काढला, आईसारखा पाटावर सळईनं सरकी काढली, बोटांनी पिंजला, त्याची लांबट गुंडाळी म्हणजे पेळू वळला आणि टकळीला लावला. धागा आला, भाऊ. जाडाभरडा, सुतळीसारखा, पण आला, आणि ओढल्यावर टिकला.

मग मी वर्ध्याहून पेटी चरखा आणवला. बंद केला की मोठ्या पुस्तकाएवढी पेटी होते. आत दोन चाकं, एक मोठं आणि एक लहान, आणि बाजूला पोलादी चाती, म्हणजे टोकदार सळई. मोठं चाक हातानं फिरवायचं, माळेनं लहान चाक फिरतं, त्याच्या माळेनं चाती. हाताच्या एका फेऱ्यात चाती कितीतरी वेळा गरकन फिरून जाते. हा चरखा गांधीजी १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना त्यांच्या देखरेखीतून घडत गेला, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. त्याच्याआधी, १९२९ साली, त्यांच्याच चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं आणि आपल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानंही एक यंत्र बनवून पाठवलं होतं. बक्षीस अखेर कुणाला मिळालं नाही. साधी, हलकी, कुणालाही दुरुस्त करता येईल अशी वस्तू बनवणं किती अवघड असतं ते बघ.

कातताना काय होतं ते तुला नीट सांगते, कारण तुला यंत्रांची आवड आहे. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू. तो हात सावकाश मागे आणि वर न्यायचा. धागा चातीच्या टोकावरून तिरपा धरला की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि त्यात एक पीळ पडतो. हात पूर्ण लांब झाला की थांबायचं, चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, धागा काटकोनात आणायचा आणि पुन्हा सुलटं फिरवून चातीवर गुंडाळून घ्यायचा. तिथे सुताची कुकडी वाढत जाते. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर त्याला गाठी पडतात आणि मग तो ओढला जात नाही. पेळू सोडणारी चिमटी आणि चाक फिरवणारा हात यांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. मला ते जमायला तीन महिने लागले. जमलं तो दिवस मला नीट आठवतो: खाली मंडईत मेथीच्या जुड्यांचा लिलाव चालल्यासारखा गलका होता, आणि मी एका पेळूचा सगळा धागा न तुटता काढला.

मांडी घालून बसणं आता गुडघ्यांना होत नाही, म्हणून पेटी दिवाणावर ठेवते आणि स्वतः खुर्चीत बसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, तर मांडीवर जुन्या काळ्या ब्लाऊजपीसचं कापड पसरते. त्यावर धागा स्वच्छ दिसतो. डावा खांदा पहिल्या महिन्यात फार दुखला. आता दुखत नाही. उलट हात आधीपेक्षा वर जातो.

आणि तुझे दाजी. तुला वाटत असेल ते वैतागले असतील. पहिले काही दिवस ते नुसते पेपर वाचत बसायचे. मग एक दिवस कुकडीवरचं सूत फाळक्यावर गुंडाळताना माझी मोजणी चुकली, तेव्हा त्यांनी फाळका हातात घेतला. एक मीटर घेराचा लाकडी फाळका, त्याचे हजार फेरे म्हणजे एक गुंडी. जुन्या हिशेबात चार फुटी तार, अशा ६४० तारांची गुंडी असायची. आता रोज संध्याकाळी ते फेरे मोजतात, शंभर झाले की कागदावर एक रेघ ओढतात. पहिली गुंडी पूर्ण व्हायला १९ दिवस लागले. ती घेऊन ते सराफ्यात ओळखीच्या दुकानात गेले आणि तराजूवर टाकून आले: ६० ग्रॅम. सुताचा अंक वजनावरून काढतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका अंक, म्हणजे सूत जितकं बारीक तितका अंक मोठा. माझं पहिलं सूत १० अंकाचं भरलं. परवाची गुंडी ३६ ग्रॅमची आहे, १६ अंकाच्या वर. वीस अंकाला ती तीस ग्रॅमच्या आत यायला हवी. दाजींनी हे आकडे वहीत लिहून ठेवलेत, वजनासकट आणि तारखेसकट. नोकरीत असताना आम्ही दोघं एका वेळी एका कामाला कधी बसलो नव्हतो.

हिशेब करून बघ. दीडशे ग्रॅमचा एक पंचा म्हणजे माझ्या सुताच्या चार गुंड्या. सकाळी एक तास कातलं तर एका गुंडीला सहा दिवस लागतात, म्हणजे पंचाला चोवीस. त्याला लागणारा अर्धा किलो कापूस शेतात वेचायला चांगल्या हाताच्या बाईला पाच-दहा मिनिटं पुरतात. हे आकडे मांडले तेव्हा मी गप्प झाले. आईच्या पहिल्या लुगड्यामागे, तिच्या आजीच्या आजीच्या कपड्यांमागे किती बायकांचे किती तास असतील?

बायकांचं म्हटलं म्हणून सांगते. इथून १५ किलोमीटरवर दौलताबाद. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं तिथे आणली, त्यांत इसामी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याचा म्हातारा आजोबा वाटेतच गेला. या इसामीनं पुढे १३५० साली फारसीत 'फुतूह-उस-सलातीन' हा पद्यमय इतिहास लिहिला. त्यात रझिया सुलतानबद्दल लिहिताना तो म्हणतो की बाईनं गादीवर नाही, चरख्याशी बसावं. हिंदुस्थानात चरख्याचा पहिला निःसंशय उल्लेख म्हणून इतिहासकार इरफान हबीब याच ओळींकडे बोट दाखवतात. दख्खनमध्ये वाढलेल्या माणसाच्या लेखणीतून चरखा पहिल्यांदा कागदावर आला, आणि आला तो बाईला तिची जागा दाखवण्यासाठी. वाचून मला राग आला. दोन दिवस मी चरख्याला हात लावला नाही.

मग पुन्हा बसले. कारण मला कुणी बसवलेलं नाही. शेकडो वर्षं बायका कातत राहिल्या त्या पोटासाठी आणि सक्तीनं, आणि त्यांना मिळालं फार थोडं. १९३५ साली चरखा संघानं कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे असं ठरवलं. त्याच सुमारास विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला दिवसाचे कितीतरी तास कातून, त्या मजुरीत माणूस जगू शकतो का हे स्वतःवर करून पाहत होते. मला पेन्शन आहे. माझं कातणं हा छंद आहे आणि त्याला मी तपश्चर्या म्हणणार नाही. तसं म्हटलं तर त्या बायकांवर अन्याय होईल. पण छंद म्हणून हातात घेतल्यामुळेच मला त्यांचं काम किती कसबाचं होतं ते कळलं. बाहेरून बघून ते कळत नाही.

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, हे तुला माहीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या, पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. ती बातमी वाचून तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. आज, हातानं कातण्यातलं कसब कळल्यावर, ती आठवली की मला वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट, ही वाचून तू चकित होशील. शाळेच्या सहलीत आपण अजिंठ्याला जायचो, आठवतं? त्या चित्रांत कापसाची सरकी काढणाऱ्या बायका आहेत. डीटर श्लिंगलोफ नावाच्या जर्मन अभ्यासकानं ते ओळखलं. फळीवर कापूस आणि त्यावरून हातानं फिरवायचा रूळ, अशी ती पाचव्या शतकातली रीत. म्हणजे आईचा पाट आणि आईची सळई! आपण भिंतीवर राजे आणि हत्ती शोधत होतो. घरी रोज बघत होतो ते तिथे काढलेलं आहे, हे कुणी सांगितलं नाही, आणि मी शिक्षिका असूनही माझ्या पोरांना सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात पाच गुंड्या घेऊन मी शहरातल्या एका हातमागवाल्याकडे गेले. आपल्या शहराचा हिमरू म्हणजे उभा सुती ताणा आणि आडवा रेशमी बाणा; ही माणसं सुताला बोट लावून त्याची कुंडली सांगतात. त्यांनी माझं सूत दोन हातांत ताणून पाहिलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "ताण्याला नाही चालणार, बाई. मागावर ताण बसला की बारीक जागी तुटेल. बाण्याला चालेल." मी घरी येईपर्यंत आनंदात होते. माझं सूत कापडात जाऊ शकतं, आडवं का होईना. ताण्याला चालेल असं कातायचं, हे आता ठरवलं आहे.

सध्या मात्र उन्हानं छळलंय. वैशाखात इथली हवा इतकी कोरडी होते की धागा ताडताड तुटतो. गिरण्यांत यासाठीच हवा मुद्दाम दमट ठेवतात, आणि मुंबईत गिरण्या फोफावल्या त्याचं एक कारण समुद्राची हवा हेही सांगतात. मी पहाटे पाचला बसते. खिडकीला ओला पंचा बांधते. मंडईत गाड्या यायच्या आत, फुले चौकात रहदारी सुरू व्हायच्या आत एक तास मिळतो. सरस्वती भुवन शाळेकडे मुलांच्या सायकली निघाल्या की मी पेटी मिटते.

आता मागणं.

मृगाचा पाऊस झाला की विहिरीकडच्या बांधालगत माझ्यासाठी चार ओळी गावरान कापूस लाव. चारच. तुझी सगळी उत्तरं मला माहीत आहेत. गावरानचं बोंड लहान, उतारा कमी, बाजारात विचारत नाही. उमललं की कापूस लगेच खाली गळतो, म्हणून सारखं वेचत राहावं लागतं. बाबांनी तो सोडला त्याला कारणं होती. १९७० साली गुजरातचा संकरित एच-४ आला, दोन वर्षांत मोठा दुष्काळ पडला, आणि कर्ज फेडायचं तर जास्त उतारा हवाच होता. मग २००२ पासून बीटी. तुझ्या शेतात काय पेरावं हे मी तुला सांगणार नाही. बोंडअळीच्या वर्षी तू रात्र-रात्र जागलास ते मी पाहिलंय. आणि खरं सांगायचं तर तुझा लांब धाग्याचा कापूस कातायला सोपाच आहे. माझं पहिलं बरं सूत त्याचंच निघालं.

तरी मला गावरान हवा. आईच्या गाडग्यात होता तो तोच. त्याचा तंतू आखूड आणि खरबरीत असतो, चिमटीला जास्त काम पडतं, असं जाणती माणसं सांगतात. मला ते काम करून बघायचंय. हा कापूस कमी पाण्यावर तगतो आणि त्याला रस शोषणाऱ्या किडींचा त्रास कमी, त्यामुळे बांधाला पडून राहिला तरी तुझ्यावर भार येणार नाही. बियाण्यासाठी परभणीला कृषी विद्यापीठात विचार. तिथल्या मेहबूब बागेतल्या कापूस संशोधन केंद्रानं देशी कापसाच्या सुधारलेल्या जाती काढल्या आहेत. जमलं तर मी आणि दाजी स्वतः परभणीला जाऊन आणतो. वेचायला मी येईन. दसऱ्यापासून दर आठवड्याला एसटीनं येईन, मजूर लावू नकोस. आणि वेचलेला कापूस वजन न करता मला दे.

सोबत पार्सल पाठवलं आहे. त्यात पन्नास फुलवाती आहेत आणि एक गुंडी, दहाव्या गुंडीनंतरची, माझ्या मतानं सगळ्यात चांगली. ती वहिनीला दे, ज्येष्ठात वटपौर्णिमेला वडाला गुंडाळायला. दुकानातलं सूत या वर्षी आणू नका. तिला सांग, फेऱ्या घालताना सावकाश सोड, ओढू नको. मधे मधे चार-पाच ठिकाणी बारीक झालंय, तिथे तुटतं. तुटलंच तर दोन्ही टोकं थोडी उलगडायची, एकावर एक ठेवायची आणि बोटांनी पीळ द्यायचा. गाठ मारू नये.

तुझी,
आक्का